दशावतार म्हणजेच उत्क्रांती ना सर?

जांभा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला भाग दोनचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. सहामाहीला प्रश्न टाकला होता, उत्क्रांतीचे पुरावे लिहा. एका मुलाने अवशेषांगं, जीवाश्म वगैरे नीट लिहिलं, पण सगळ्यात वर पहिला पुरावा म्हणून लिहिलं दशावतार. मत्स्य म्हणजे पाण्यातला जीव, कूर्म म्हणजे उभयचर, वराह म्हणजे जमिनीवरचा, नरसिंह अर्धा जनावर अर्धा माणूस, वामन म्हणजे बुटका आदिमानव, परशुराम म्हणजे कुऱ्हाड आली, मग राम, मग कृष्ण. आणि खाली पेन दाबून रेघ मारलेली, हे आपल्या ऋषींना डार्विनच्या आधीच माहीत होतं.

मी त्या मुद्द्याचे मार्क दिले नाहीत. पोरगा पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आला आणि अगदी नम्रपणे विचारलं, सर ह्यात चूक काय आहे? आणि मी म्हटलं, पुस्तकात नाहीये म्हणून. तो गप्प निघून गेला. चार दिवस झाले, मला ते उत्तर सारखं टोचतंय, कारण विज्ञानाच्या मास्तराने द्यायचं उत्तर ते नव्हेच. ह्या मुलाचे काका दशावतारी नाटक कंपनीत संकासुराचं काम करतात, लहानपणापासून रात्र रात्र जागून त्याने जत्रेत आडदशावतार (नाटकाच्या सुरुवातीचा भाग) बघितलाय, त्याच्यासाठी मत्स्य-कूर्म ही पाठ केलेली यादी नाही, ती घरातली माणसं आहेत. त्याला 'चूक' म्हणून गप्प करणं मला नकोय आणि 'बरोबर' म्हणून मार्क देणंही नकोय. तुम्ही काय सांगितलं असतं?

पंचांगप्रेमी
सर, तुमची तळमळ पोचली. पण मुलाचं पूर्ण चूक आहे असं मला तरी वाटत नाही हो. क्रम बघा ना, पाणी, मग पाणी आणि जमीन दोन्ही, मग जमीन, मग माणूस. हा क्रम योगायोगाने जमेल का? आणि आकडे बघा. मी रोज पूजेला बसताना संकल्प सोडतो, श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे अष्टाविंशतितमे युगे. एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचं, अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजेच एक कल्प, ४३२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ सांगतात ४५४ कोटी. इतकं जवळ? जगात बाकीचे लोक जेव्हा जगाचं वय पाच-सहा हजार वर्षं धरून चालले होते तेव्हा आपण कोटीत बोलत होतो, ह्याचा अभिमान मुलाला वाटला तर त्यात वाईट काय?

सूक्ष्मदर्शक
काका, अभिमानाबद्दल नंतर बोलू, आधी हिशोब करू कारण तुम्ही आकडे दिलेत ते मला आवडलं. संकल्पात जे म्हणता त्याचाच अर्थ असा की कल्प अजून संपलेला नाहीये. सहा मन्वंतरं गेली, सातवं चालू. एक मन्वंतर ७१ महायुगांचं. सहा मन्वंतरं, त्यांच्या आधीमधल्या सात संधी म्हणजे जोडकाळ, चालू मन्वंतरातली २७ महायुगं, वर कृत त्रेता द्वापर आणि कलीची पाचेक हजार वर्षं, हे सगळं मिळवलं की १९७ कोटी २९ लाखांच्या आसपास येतं. म्हणजे पंचांगाप्रमाणे चालू सृष्टीचं आजचं वय १९७ कोटी, ४३२ नव्हे. ४३२ हा पूर्ण दिवस आहे, तो मावळायला अजून निम्म्याहून जास्त वेळ आहे. आणि ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात साधारण ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या थरांच्या खुणा दगडात सापडल्यात. मग ४३२ आणि ४५४ जवळ आहेत म्हणून ते घ्यायचं आणि १९७ जुळत नाही म्हणून ते सोडायचं, असं केलं तर कुठलीही दोन पुस्तकं जुळवता येतील.

आणि ४५४ हा आकडा कुठून आला तेही मुलांना सांगावंसं वाटतं. १९५६ साली क्लेअर पॅटरसन ह्यांनी उल्कांमधल्या शिशाची मोजणी केली, युरेनियमचं शिसं व्हायला किती वेळ लागतो हे माहीत असल्यामुळे मागे जाता आलं, ४५५ कोटी आले, वर लिहिलं की ७ कोटी इकडेतिकडे होऊ शकतात. ते '७ कोटी इकडेतिकडे' फार महत्त्वाचं आहे. आपली चूक किती असू शकेल हे आकड्याबरोबर सांगणं, आणि दुसऱ्या कोणी दुसऱ्या दगडावर मोजून बघू शकणं. संकल्पातला आकडा तसा नाही, तो तपासायचा नाहीच मुळी, तो म्हणायचा आहे, आपण काळात कुठे उभे आहोत ते आठवायला.

पंचांगप्रेमी
ताई, चाळीस वर्षं रोज म्हणतोय पण हा हिशोब मी कधी मांडून बघितला नव्हता. आत्ता वहीत केला, बरोबर आहे तुमचा. संधी धरल्या नाहीत तर थोडा कमी येतो एवढंच. ४३२ चा मुद्दा मी मागे घेतो.
क्रमाचा मात्र नाही.

जांभा
काका, मनापासून धन्यवाद, असं वही काढून बघणारे कमी असतात.

क्रमाबद्दल मीच दोन दिवस वाचतोय. भागवताच्या पहिल्या स्कंधात तिसऱ्या अध्यायात अवतारांची यादी आहे, तिथे दहा नाहीत, बावीस आहेत. आणि त्यात वराह दुसरा, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा, मध्ये नारद, कपिल, दत्तात्रेय, पृथू असे सगळे. म्हणजे डुक्कर माशाच्या कितीतरी आधी. दहाची यादीही सगळीकडे एकच नाही, गीतगोविंदात आठवा बलराम आहे, आपल्याकडे जुन्या चित्रांत नवव्या जागी बुद्ध म्हणून चक्क विठोबा उभा असतो. मग उत्क्रांतीचा क्रम नेमका कुठल्या यादीत दडलाय म्हणायचं?

दुसरं म्हणजे गोष्टच आतून बघा. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धुतोय आणि ओंजळीत एवढासा मासा येतो, तो म्हणतो मला सांभाळ, मोठे मासे लहानांना खातात, मी वाढलो की तुला वाचवीन. मनू त्याला मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो, पुढे पूर येतो, नाव माशाच्या शिंगाला बांधतात. गंमत ही की इथे माणूस पहिल्यापासून आहे. हात धुणारा, मडकी असलेला, नाव बांधणारा. कूर्माच्या वेळी देव-दैत्य दोघे दोरी ओढतायत. नरसिंहाच्या वेळी प्रल्हाद शाळेत जातोय. कुठलीही कथा असं म्हणत नाही की आधी फक्त मासे होते. आणि शतपथात तो मासा विष्णू आहे असंही म्हटलेलं नाही, कूर्म आणि वराह तिथे प्रजापतीची रूपं आहेत, विष्णूच्या नावावर ते नंतर आले.

मग ही जुळणी आली कधी? मला सापडलं ते असं. डार्विनचं पुस्तक १८५९ चं. थिऑसॉफी ह्या गूढवादी पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ च्या त्यांच्या पुस्तकात दशावतार आणि उत्क्रांती जोडून दाखवली, १८७९ ला त्या मुंबईत येऊन राहिल्या, आणि १८८२ मध्ये कलकत्त्यात केशवचंद्र सेन ह्यांनी भाषणात हीच मांडणी केली. म्हणजे आपण जी ऋषींची म्हणून सांगतो ती जुळणी फार तर दीडशे वर्षांची आहे. त्या काळात गोऱ्या साहेबासमोर आपलंही काही कमी नाही हे दाखवायची गरज होती, मी त्या लोकांना दोष देत नाही. पण त्या पोराला आज ती गरज असू नये.

प्रवराकाठ
वाचतोय. भागवताचं माहीत नव्हतं.

सूक्ष्मदर्शक
एक जीवशास्त्राचा मुद्दा राहिला. कासव उभयचर नाही. बेडूक उभयचर. कासव सरपटणारा प्राणी आहे, पाण्यात राहणारं सागरी कासवसुद्धा अंडी घालायला वाळूवरच येतं, सर तुमच्याच जिल्ह्यात वायंगणीला येतात ना. चीनमध्ये २००८ ला ओडोंटोकेलिस नावाच्या २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाची माहिती प्रसिद्ध झाली, पोटाकडची ढाल पूर्ण, पाठीची अजून तयारच नाही, तोंडात दात. अर्धवट कासव. म्हणजे कासवं आणि अगदी सुरुवातीचे सस्तन प्राणी साधारण एकाच काळातले. पाण्यातून जमिनीवर यायची गोष्ट त्याच्या खूप आधीची.

ती बघायची तर टिकटालिक हा जीवाश्म बघा. नील शुबिन आणि मंडळींनी आधी विचार केला की ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचे, उथळ नदीच्या गाळाचे खडक उघडे कुठे आहेत, नकाशावर शोधलं, कॅनडाच्या टोकाला एल्समीअर बेट निघालं, तिथे उन्हाळ्यात जाऊन वर्षानुवर्षं खणलं आणि २००४ ला मिळाला. खवले, पर, कल्ले माशाचे, पण डोकं चपटं, मान वेगळी वळणारी, आणि पराच्या आत मनगटासारखी हाडं. आपलं मनगट. कुठल्या वयाच्या दगडात काय मिळेल हे आधी सांगितलं आणि मग ते मिळालं. दशावतारातून असं पुढचं काही सांगता येतं का, हा प्रश्न मुलाला विचारायला हरकत नाही, तो स्वतःच विचार करेल.

आणि मला पेशामुळे एक दुःख आहेच. जिवांच्या ३५० कोटी वर्षांतली बहुतेक वर्षं ही फक्त सूक्ष्मजीवांची आहेत, मासे यायला साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत थांबावं लागतं. आपण जो प्राणवायू घेतोय तो आधी त्यांनी तयार केला. दशावताराच्या यादीत ते नाहीत, कारण डोळ्याला दिसत नव्हते. झाडं नाहीत, किडे नाहीत, बुरशी नाही.

वसईकर
मी वसईचा कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडची बाजू सांगतो. बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात पहिल्या अध्यायात सहा दिवस आहेत, तिसऱ्या दिवशी झाडं आणि चौथ्या दिवशी सूर्य. पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरची जनावरं आणि माणूस. जीवाश्मांत पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांनंतर येतात, इथे आधी. आणि लगेच दुसऱ्या अध्यायात माणूस आधी घडवलाय, जनावरं त्याला सोबत म्हणून नंतर. एकाच पुस्तकात पानाच्या अंतरावर दोन क्रम. ज्यांनी हे दोन्ही शेजारी ठेवले त्यांना काय ते दिसलं नसेल? दिसलं असणार. म्हणजे त्यांना क्रम सांगायचाच नव्हता, असं मला वाटतं. आर्चबिशप अशर ह्यांनी सतराव्या शतकात पिढ्या मोजून इसवी सनापूर्वी ४००४ काढलं तेव्हा त्या गोष्टीचं त्यांनी पंचांग केलं.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते फादर लमेत्र. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती, विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ ला मांडणारे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी भाषणात जवळपास असं म्हटलं की बघा, विज्ञानाने उत्पत्तीला पुष्टी दिली. तर आनंद व्हायच्या ऐवजी लमेत्र अस्वस्थ झाले, माझा सिद्धांत धर्माच्या बाहेरचा आहे, त्याला पुरावा म्हणून वापरू नका अशी त्यांची भूमिका होती. रोज मिस्सा (चर्चमधली उपासना) करणारा माणूस हे म्हणतोय. कारण उद्या सिद्धांत बदलला तर तुमची श्रद्धा पण बदलणार का? पंचांगप्रेमी काकांना हेच विचारावंसं वाटतं, रागावू नका.

अवांतर: फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराणात ही सृष्टीची गोष्ट मराठी ओव्यांत आणली. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेली जगाची सुरुवात मला पुराणाच्याच चालीत आठवते.

पंचांगप्रेमी
रागावत नाही. प्रश्न रास्त आहे. रात्री विचार केला.
मला वाटतं मी जुळणी करतो ती देवासाठी नाही, नातवासाठी. तो इंजिनिअरिंगला आहे, घरातलं सगळं खोटं आहे असं त्याला वाटायला लागलंय. विज्ञानाचा शिक्का बसला तर तो ऐकेल असं वाटतं.

सूक्ष्मदर्शक
काका, हे तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. पण शिक्का पुसला जातो ना. ज्या दिवशी त्याला भागवताची यादी सापडेल त्या दिवशी तो गोष्टही टाकून देईल. त्यापेक्षा त्याला नासदीय सूक्त वाचून दाखवा. ऋग्वेद दहावं मंडल, १२९. सुरुवातीला काय होतं, हे सगळं कुठून आलं कोणाला ठाऊक, देवसुद्धा नंतरचे, आणि शेवटी वरून बघणारा जो आहे त्याला तरी माहीत असेल, किंवा नसेल. ह्याला कुठल्याच शिक्क्याची गरज नाही. तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस 'मला माहीत नाही' असं इतकं सुंदर म्हणतो.

रानपाखरू
गोंदियाकडून. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात 'आपली गोष्ट' म्हणजे पुराणं असं धरलंय म्हणून लिहितो. आम्ही गोंड. आमच्याकडे माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला लाखो लोक जातात, ती मोठी गुहा आहे. त्या गुहेत कोंडलेल्या पोरांना लिंगो आणि जंगो ह्यांनी सोडवलं आणि तिथून आमची कुळं निघाली अशी गोष्ट. आमच्यात प्रत्येक कुळाकडे प्राणी, पक्षी, झाडं वाटून दिलेली आहेत, आपल्या कुळाचा जीव आपण मारायचा नाही, तो आपला नातलग. शाळेत उत्क्रांतीचं झाड बघितलं, सगळे जीव एका खोडाला, तेव्हा मला कुणी वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, मला वाटलं हे घरचंच आहे.
आता सर म्हणतील तीच जुळणी झाली. तर नाही म्हणत मी की लिंगोला डीएनए माहीत होता. पण नातं आहे ही भावना मला गोष्टीतून मिळाली आणि नातं कसं ते विज्ञानातून.

जांभा
रानपाखरू दादा, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. माझ्या वर्गात हे कसं न्यायचं ते मला तुमच्यामुळे थोडं दिसलं. 'पुस्तकात नाही' म्हणताना मी हेच विसरलो होतो, की मुलाने नातं दाखवायचा प्रयत्न केला होता.

प्रवराकाठ
मी नेवाश्याचा. लहानपणी आजोबा पैसाच्या खांबाकडे घेऊन जायचे, ज्ञानेश्वरी सांगितली ती जागा. त्याच गावात १९५४ ते ५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं. त्यांना प्रवरेच्या गोट्या-वाळूच्या थरात अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, माणसाने ठोकून धार काढलेली. आजोबांना हे कोणी सांगितलं तेव्हा ते म्हणाले अरे मग माउली बसली तिथे आधी पण कोणी बसलेलं होतं. एवढंच म्हणाले. त्यांना परशुरामाची कुऱ्हाड वगैरे काही आठवली नाही, नदी तीच एवढं त्यांना पुरलं.

वसईकर
काय सुंदर. +१

सूक्ष्मदर्शक
सर, मुलाला एक गोष्ट नक्की सांगा, कारण तो समुद्राजवळचा आहे. दशावताराच्या जुळणीत उत्क्रांती म्हणजे शिडी, पाण्यातून वर, वर, वर, शेवटी माणूस. पण ती शिडी नाहीये. देवमासा बघा, जमिनीवरून उलटा पाण्यात गेला. आणि ही गोष्ट आपल्या उपखंडातलीच आहे. कच्छमध्ये जुन्या देवमाशांचे जीवाश्म आहेत, १९७५ साली अशोक साहनी आणि मिश्र ह्यांनी त्यावर लिहिलं. आणि जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटच्या भागात रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकांनी दगड गोळा करून ठेवले होते, त्यांच्या पश्चात ते दगड त्यांच्या पत्नीने जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन ह्यांना दिले. तिकडे साफ करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला आणि आतलं हाड दिसलं, एका कडेला जाड ओठासारखं फुगलेलं. असं कानाचं हाड फक्त देवमाशांचं. आणि प्राणी कोण, तर मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा, हरणासारखा. इंडोहायस, ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, २००७ ला प्रसिद्ध झाला. कपाटात पडून असलेल्या दगडात देवमाशाचा चुलत-आजोबा.

जांभा
अपडेट. काल वर्गात तास घेतला. आधी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली, की तुझ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. मग फळ्यावर दोन रकाने केले नाहीत, मुद्दाम. त्याला म्हटलं मनूच्या माशाची गोष्ट सांग. त्याने काकांच्या आवाजात सांगितली, संकासुर वेद चोरतो तिथपासून, वर्ग ऐकत बसला. मग विचारलं ह्या गोष्टीत माणूस कधी आला? तो थांबला, म्हणाला सर, पयल्यापासून हा. ते त्याचं त्यानेच शोधलं.

मग सगळ्यांना आपापल्या पाठीच्या शेवटी हात लावायला सांगितला, माकडहाड. आपल्याच भाषेत त्याचं नाव ते आहे, कुणी डार्विन वाचून ठेवलेलं नाही. पोरं हसली पण हात काढेनात.

आणि मग ताई तुमचा देवमासा. मी चित्र काढत होतो, डॉल्फिनची शेपटी माशासारखी उभी काढली. तर हाच मुलगा उठला, बापाबरोबर होडीत जातो तो, म्हणाला, सर चुकला, तेची शेपटी आडवी असता, माशाची उभी. मासो अंग डावीकडे उजवीकडे हलयता, ह्यो वर-खाली. मी खडू त्याच्या हातात दिला. त्याने पुसून नीट काढली. मग मी धावणारा कुत्रा काढला, पाठ कशी वर-खाली वाकते ते, आणि शेजारी ती शेपटी. बोलायला लागलंच नाही, मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, म्हणजे तो अजून धावतोच आहे सर, पाण्यात.

तास संपला तरी तो मुलगा फळ्यापाशी उभा होता. म्हणाला, सर, पण तो परत पाण्यात कित्याक गेलो? जमिनीर बरो होतो ना?

ताई, ह्याला काय सांगू? इंडोहायस पाण्यात नेमकं काय करायचा, ह्याबद्दल काही असेल तर टाका, आणि कच्छच्या त्या जीवाश्मांचे फोटो कुणाकडे असतील तर तेही. सोमवारी दहावीचा तास पहिलाच आहे.

सूक्ष्मदर्शक
सर, त्याच्या पायाची हाडं जाड आणि जड आहेत, पाणघोड्यासारखी, पाण्यात तळाशी चालायला वजन लागतं. आणि दातांच्या रसायनावरून तो पाण्यात बराच वेळ असायचा हे कळतं. आफ्रिकेत एक छोटा हरणासारखा प्राणी आजही आहे, गरुड दिसला की सरळ पाण्यात उडी मारतो आणि बुडून राहतो. बहुतेक भीतीपोटी सुरुवात झाली असावी, मग तिथेच खायला मिळालं. फोटो रविवारपर्यंत टाकते.

पंचांगप्रेमी
सर, सोमवारी काय झालं ते लिहा. नातवाला धागा पाठवलाय.